बंदुकीच्या वाटेत: विन्स्लो होमरची शिकारचित्रे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सधन शहरी पुरुषांमध्ये शिकारीचा छंद बोकाळला आणि त्याबरोबर शिकारीच्या चित्रांनाही गिऱ्हाईक मिळू लागले. विल्यम हार्नेट याचे १८८५ सालचे ‘आफ्टर द हंट’ हे या आवडीचे ठळक उदाहरण होय. जुनाट दारावर टांगलेली बंदूक, शिंग, टोपी आणि मेलेले पशुपक्षी त्यात इतके हुबेहूब उतरले आहेत की पाहणाऱ्याचा हात आपसूक पुढे व्हावा. न्यूयॉर्कच्या एका मद्यालयात लावलेल्या या चित्राचे कसब वादातीत असले, तरी त्यातले मरण उरकून गेलेले आहे आणि उरली आहे ती केवळ मालकीची शोभा.

विन्स्लो होमर (१८३६–१९१०) याने मात्र मरण घडत असतानाचा क्षण पकडला. यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’साठी चित्रे काढताना त्याने झाडावर दबा धरून बसलेला नेमबाज रंगवला होता. अशा नेमबाजाच्या बंदुकीच्या दुर्बिणीतून आपण पाहिले तेव्हा हा प्रकार खुनाच्या जवळचा वाटला, असे त्याने पुढे अनेक वर्षांनी एका पत्रात लिहिले. स्वतः हौशी मासेमार असलेला होमर शिकारविरोधी होता असे यावरून म्हणता येणार नाही, पण नेम धरणाऱ्याच्या डोळ्याविषयीची अस्वस्थता त्याच्या चित्रांत टिकून राहिलेली दिसते.

न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक डोंगरांत कुत्र्यांकरवी हरणाला तळ्यात पिटाळून, पोहताना हतबल झाल्यावर नावेतून मारण्याची रीत होती. ‘हाउंड अँड हंटर’ (१८९२) मध्ये नावेतला पोरगा हरणाला दोरीने बांधतो आहे आणि कुत्रा पोहत जवळ येतो आहे. टीकाकार हरीण जिवंत समजतील, या शंकेने होमरने पत्रात खुलासा केला की ते मेलेले आहे, नाहीतर नाव आणि माणूस दोन्ही उधळले गेले असते. पुढच्याच वर्षीच्या ‘फॉक्स हंट’मध्ये माणूस उरतच नाही: मेन राज्याच्या किनाऱ्यावर बर्फात रुतत चाललेल्या कोल्ह्यावर भुकेले कावळे झेपावतात आणि शिकार करणारा प्राणीच शिकार होतो. फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया ॲकॅडमीने हे चित्र १८९४ मध्ये विकत घेतले.

या विचाराचे टोक म्हणजे ‘राइट अँड लेफ्ट’ (१९०९). आदल्या वर्षी होमरला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. चित्रात गोल्डनआय जातीची दोन बदके खवळलेल्या समुद्रावर अधांतरी आहेत. मागे लाटांच्या आड नावेतला शिकारी इतका लहान आहे की बंदुकीच्या तोंडची तांबूस ठिणगी शोधावी लागते. दुनळी बंदुकीच्या एकेका नळीने लागोपाठ दोन पक्षी टिपण्याला शिकारी ‘राइट अँड लेफ्ट’ म्हणत, आणि हे नावही होमरचे नसून चित्र प्रथम मांडले गेले तेव्हा एका प्रेक्षकाने सुचवलेले आहे. चित्र पाहणारा मात्र बंदुकीमागे नसून बदकांशेजारी, थेट गोळीच्या वाटेत आहे. उजवे बदक डोके खाली करून कोसळते आहे की ठिणगी पाहून बुडी मारते आहे, आणि डाव्याला छर्रा लागला की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि चित्राकडे पाहून ते मिटतील असे वाटत नाही.