वनस्पतिपेशीचें बळ आणि वळण

रात्रीं ओल्या फडक्यांत बांधून ठेवलेले मूग सकाळीं सोडून पाहिले, तर दाण्यादाण्यांतून पांढरा मोड बाहेर आलेला दिसतो. हा मोड लांब असतो, वाटोळा नसतो. यांत नवल तें काय, असें सहज वाटेल. परंतु या साध्या गोष्टीचें कोडें शास्त्रज्ञांना फार दिवस उलगडलें नव्हतें. वनस्पतीची पेशी वाढते ती पाणी शोषून. आंतील पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट भरतो आणि तो चोहोंकडे सारखाच असतो. फुग्यांत हवा भरली कीं फुगा वाटोळा होतो. मग पेशी तशी न फुगतां एकाच दिशेनें लांबत कां जाते?

अर्धें उत्तर भिंतींत होतें. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या कापांत ज्या कोठड्या पाहिल्या, त्यांच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनीं बळकट झालेल्या असतात. लांबणाऱ्या पेशींत हे तंतु तिच्याभोंवतीं आडवे, लाकडी पिंपाला घातलेल्या लोखंडी पट्ट्यांप्रमाणें असतात. त्यामुळें घेर वाढूं शकत नाहीं. लांबी तेवढी वाढते. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्याला चांगलीच परिचित होती. परंतु पट्ट्या आडव्याच घालाव्या, हें कोण ठरवितो?

भिंतीच्या आंत तर वाहतें जीवद्रव्य. इटलीच्या बोनाव्हेंतुरा कॉर्ती यानें १७७४ सालीं कारा या पाणवनस्पतीच्या पेशींत तें अखंड फिरतांना पाहिलें होतें. जें स्वतःच वाहत आहे, तें तंतूंना शिस्त कशी लावणार, ही खरी अडचण होती.

१९६२ सालीं अमेरिकेंतील पॉल ग्रीन यांनीं या प्रश्नाला हात घातला. त्यांनीं नायटेला ही काराच्याच कुळांतील वनस्पति निवडली, कारण तिची एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी लांब असते. या पेशींना त्यांनीं कोल्चिसीन हें विष दिलें. कोंकणांतील रानांत पावसाळ्यांत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदांतही हेंच विष असतें. विष दिल्यावर पेशींची वाढ थांबली नाहीं. पण ज्या लांबट व्हावयाच्या, त्या फुग्यासारख्या वाटोळ्या फुगूं लागल्या. भिंतींतील तंतूंची आडवी रचनाही विस्कटली. म्हणजे बळ होतें तसेंच राहिलें, वळण मात्र गेलें.

कोल्चिसीन पेशीविभागणीच्या वेळीं दिसणारा चातीच्या आकाराचा तंतूंचा जुडगा नाहींसा करतें, हें तेव्हां ठाऊक होतें. त्यावरून ग्रीन यांनीं अनुमान बांधलें कीं, तशाच जातीचे प्रथिनांचे तंतु भिंतीलगतच्या जीवद्रव्यांत असले पाहिजेत. ते कोणीं पाहिलेले नव्हते.

पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर यांनीं ते प्रत्यक्ष दाखविले. गवताच्या व जुनिपर वृक्षाच्या मुळांचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतांच भिंतीला लागून बारीक नळ्यांची रांग दिसली. नळीची जाडी मिलिमीटरच्या सुमारें चाळीस हजाराव्या भागाइतकी. बाहेर सेल्युलोज ज्या दिशेनें, आंत नळ्या त्याच दिशेनें. त्यांना ‘सूक्ष्मनलिका’ हें नांव मिळालें. त्या पूर्वीं दिसल्या नाहींत, याचें कारण मोठें बोधप्रद आहे. पेशी टिकविण्यासाठीं जीं द्रव्यें तोंवर वापरीत, त्यांनींच या नाजूक नळ्या बहुधा मोडून जात. ग्लुटराल्डिहाइड हें नवें द्रव्य हातीं आलें आणि पडदा दूर झाला. वस्तु नव्हती असें नव्हे. पाहण्याच्या खटाटोपांतच ती नष्ट होत होती.

तथापि दोन रेघा समांतर दिसल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. त्यासाठीं त्रेचाळीस वर्षें वाट पाहावी लागली. २००६ सालीं परेडेझ, सॉमरव्हिल आणि एरहार्ट यांनीं अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळांतील रोपांत सेल्युलोज विणणाऱ्या प्रथिनांना चमकणारी खूण जोडली. जिवंत पेशींत ते ठिपके मिनिटाला मिलिमीटरच्या सुमारें तीन हजाराव्या भागाइतक्या मंद गतीनें, सूक्ष्मनलिकांच्या वाटेवरूनच सरकतांना दिसले. नळ्या नाहींशा केल्या तरी ठिपके चालतच राहिले. फक्त त्यांच्या वाटा बदलल्या. नळ्या ओढीत नाहींत, त्या मार्ग दाखवितात. दोहोंना जोडणारें प्रथिनही २०१० सालीं सांपडलें.

या नळ्या कायमच्या रुळांसारख्या नाहींत. एका टोकाला त्या बांधल्या जातात, दुसऱ्या टोकाला ढासळतात. निळा प्रकाश पडला कीं कांहीं मिनिटांतच त्यांची दिशा पालटूं लागते. आणि कॉर्तीनें पाहिलेला प्रवाह? तोही अ‍ॅक्टिन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंवरून चालतो. ज्या प्रवाहामुळें आंत कांहीं व्यवस्था असेल असें वाटत नव्हतें, तो स्वतःच व्यवस्थेचा पुरावा ठरला.

पाणी पेशीला बळ देतें. वळण देतात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या. ग्रीन यांनीं त्या पाहिल्या नव्हत्या. एक पेशी वाटोळी कां झाली, एवढाच प्रश्न त्यांनीं नीट विचारला होता. मुगाचा मोड सरळ वर येतो तो त्याच नळ्यांच्या आधारें.