पोटभाडेकरूचा वाद : भोरच्या पेठेतून पाहताना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असा विश्वस्त मंडळींचा आग्रह झाला. मी पडलो कापडाचा व्यापारी आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासकाराचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि भोरच्या पेठेत भाड्याच्या दुकानात ज्याचे आयुष्य गेले, त्यास एक इतिहास जवळून परिचित असतो. तो म्हणजे घरमालक व भाडेकरू यांच्या वादाचा, आणि त्यातही पोटभाडेकरूच्या वादाचा.

आरंभ घरापासूनच करतो. माझ्या वडिलांनी दुकानाच्या ओट्यावर एका शिंप्यास मशीन घेऊन बसू दिले होते. गिऱ्हाइकाने कापड घ्यावे व तेथेच माप द्यावे, एवढीच सोय. भाडे म्हणून त्यांच्याकडून छदामही घेतला जात नसे. तरीही एके दिवशी मालकांची वकिलामार्फत नोटीस आली : आपण विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवला आहे, सबब जागा खाली करावी. त्या रात्री वडील भाडेपावत्यांची चवड पुढे घेऊन बसल्याचे मला स्पष्ट आठवते. दुकान गेले असते तर गाठोडे पाठीवर टाकून वेल्ह्याच्या आठवडे बाजारास जाण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

वास्तविक जुना कायदा भाडेकरूस अनुकूल होता. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार, करारात मनाई नसेल तर भाडेकरूस जागा दुसऱ्यास पोटभाड्याने देता येत असे. चित्र पालटले ते युद्धकाळातील जागांच्या टंचाईने. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर 1940 चे भाडे हा प्रमाण भाड्याचा मुख्य आधार धरला. मालकाचे भाडे गोठले, बाजारभाव मात्र वाढत राहिला. अशा वेळी भाडेकरूने दहा रुपयांची जागा पन्नासास पुढे देऊन मधला नफा स्वतः घ्यावा, हे कायदा करणाऱ्यांस मान्य होणे शक्य नव्हते. म्हणून कलम 15 अन्वये पोटभाड्यास बंदी झाली. हा कायदा 13 फेब्रुवारी 1948 रोजी अंमलात आला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, 8 मार्च 1948 रोजी, पंतसचिवांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

शेतजमिनीसही हाच न्याय लावण्यात आला. 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे कुळाने जमीन पोटकुळास लावली अथवा स्वतः कसली नाही, तर त्याचा हक्क धोक्यात येई. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी जो स्वतः कसत होता, त्याच्याच पदरात जमीन पडावयाची होती.

पुन्हा पेठेकडे वळू. कलम 15 ची बंदी मुळात इतकी कडक होती की मालकाने लेखी संमती दिली तरी ती निरर्थक ठरे. वामन श्रीनिवास किणी विरुद्ध रतिलाल भगवानदास या खटल्यात 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला. पोटभाडेकरू ठेवण्याची मुभा देणाऱ्या मालकानेच पुढे त्या कारणावरून भाडेकरूस बाहेर काढावे, हे व्यापारी नीतीस धरून वाटत नाही. पण कायदा तसा होता. त्याच वर्षी 21 मे रोजी अध्यादेश निघाला. तोवर ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंस संरक्षण मिळाले आणि कराराने परवानगी देण्याची वाट मोकळी झाली.

या अध्यादेशाच्या अर्थावरून जो गाजलेला वाद झाला, त्यात घरमालक आपल्या समाजाची सुप्रसिद्ध संस्था होती, हे येथे आवर्जून नोंदवितो. शत्रुंजयादी तीर्थांचा कारभार पाहणारी अहमदाबादची आणंदजी कल्याणजींची पेढी ती हीच. पेढीने आपल्या भाडेकरूची मुदत नोटिशीने संपविली होती. त्यानंतर त्याने ती जागा आनंद निवास या कंपनीस पोटभाड्याने दिली, आणि कंपनीने अध्यादेशाचे संरक्षण मागितले. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने पेढीच्या बाजूने निकाल दिला. मुदत संपल्यावर राहणाऱ्यास केवळ बाहेर न काढले जाण्याचे संरक्षण असते; दुसऱ्यास देण्याजोगा हक्कच त्याच्यापाशी उरत नाही, असे त्याचे सार. न्या. सरकार यांचे मत मात्र भिन्न होते. पुढे 1985 साली ग्यानदेवी आनंद प्रकरणात घटनापीठाने अशा भाडेकरूचा हक्क वारसांकडे जातो असे ठरविले, हा आम्हा दुकानदारांस मोठाच दिलासा होय.

दरम्यान बंदी चुकविण्यासाठी लोकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग काढला होता. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांसही शासनाने भाडेकरू करून टाकले. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करारात मुभा नसेल तर पोटभाडे आजही बेकायदेशीरच आहे. पण हस्तांतरास संमती देताना मालकास मोबदला घेता येतो. ज्या पागडीबद्दल पूर्वी कुजबुजत बोलत, ती राजमान्य झाली. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकावर आहे.

धर्मादाय संस्थांच्या गाळ्यांत हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एखादा वृद्ध गाळेधारक अर्धी जागा मोबाइल विक्रेत्यास देऊ इच्छितो, विश्वस्त नकार देतात आणि तंटा सुरू होतो. विश्वस्तांचे हातही मोकळे नसतात, कारण 1950 च्या विश्वस्त कायद्यानुसार इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. नकार कायदेशीर आहे. तरीही गाळेधारकास बोलावून, वाढीव भाडे ठरवून लेखी संमती द्यावी, असे माझे मत आहे. कोर्टात खर्च होणारा पैसा शेवटी दानपेटीतलाच असतो.

वडिलांच्या प्रकरणात आमच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला होता : दुकानाची किल्ली शिंप्याकडे असते काय? स्वतंत्र ताबा नाही आणि मोबदलाही नाही, तर पोटभाडे कसले? किल्ली वडिलांच्या कनवटीला होती. भाडे थोडे वाढवून समेट झाला. परंतु शिंपीदादांस ओटा सोडावा लागला. ते मशीन घेऊन वेल्ह्याकडे आपल्या गावी गेले, आणि पुढे कित्येक वर्षे दिवाळीपूर्वी अस्तराचे कापड घ्यावयास आमच्याच दुकानी येत असत.