श्वास कोंडलेला समुद्र

काळ्या समुद्राला ग्रीक लोक आधी 'आक्झेनोस' म्हणत, म्हणजे परक्याला थारा न देणारा. मग ते नाव बदलून 'युक्सेनोस', पाहुण्यांचे स्वागत करणारा, असे झाले. आपण देवीला शीतला म्हणतो, त्यातलाच हा प्रकार असावा.

या समुद्राच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो बोलोन्याचा लुइजी मार्सिली. १६८० साली हा विशीतला तरुण इस्तंबूलला होता. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचे पाणी काळ्या समुद्रातून बाहेर वाहते, ते सगळ्यांना दिसे. पण खाली उलटा प्रवाह आहे, असे तिथले कोळी सांगत. मार्सिलीने त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे दोरीला बांधून त्याने ती पाण्यात सोडली. वरचे तुकडे एका दिशेला, खालचे बरोबर उलट! नंतर एका टाकीत पडदा घालून एकीकडे खारट व दुसरीकडे कमी खारट पाणी भरून त्याने कारणही दाखवले: जड पाणी खालून जाते, हलके वरून.

काळ्या समुद्राचे कोडे इथेच सुटते. डॅन्यूब, नीपर या नद्यांचे हलके पाणी वर तरंगते, बॉस्फरसमधून आलेले खारे पाणी तळाशी बसते आणि दोन्ही मिसळतच नाहीत. वरून पडणारे मेलेले जीव कुजताना खालचा प्राणवायू संपतो. मग जिवाणू पाण्यातले सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. १८९० साली रशियन भूवैज्ञानिक आंद्रुसोव यांच्या मोहिमेत तो खोल पाण्यात सापडला. बावीसशे मीटर खोल समुद्र, आणि त्यातले जवळजवळ नव्वद टक्के पाणी असे.

माशांना मारणारे हे पाणी लाकूड मात्र राखते. होडीचे लाकूड पोखरणारा किडा म्हणजे काय ते आपल्या किनाऱ्यावर सांगायला नको. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना उगीच लावत नसत. तो किडा तिथे जगत नाही. २००० साली रॉबर्ट बॅलर्ड यांना सिनोपजवळ बायझँटाइन काळातले गलबत मिळाले, डोलकाठी उभीच्या उभी. २०१८ साली तर बल्गेरियाजवळ दोन किलोमीटर खोलीवर सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे ग्रीक जहाज मिळाल्याचे जाहीर झाले. सुकाणू आणि वल्हेकऱ्यांच्या बैठकाही जागच्या जागी!

प्राणवायूची टंचाई आपल्या दारातही आहे. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे पाणी गुदमरते, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली मांडले होते. वारे फिरले की आपला किनारा पुन्हा श्वास घेतो. काळ्या समुद्राच्या तळाला ती सुटका नाही. उलट, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९५५ साली तिथे १४० मीटरपर्यंत पोचणारा प्राणवायू २०१० ते २०१५ या काळात ९० मीटरवरच थांबत होता. तिथल्या कोळ्यांची मासळी या वरच्या थरातलीच.