कोरड्या त्वचेतला ओलावा आणि क्रीमचे काम

दिवाळी सरून थंडीची चाहूल लागली की ओठ फुटू लागतात, पोटरीवर नखाने ओढले तर पांढरी रेघ उमटते, टाचा उलतात आणि रात्री पांघरुणात शिरल्यावर अंगाला खाज सुटते. मग बाजारातून एखादे क्रीम आणले जाते, चार दिवस जमेल तसे लावले जाते आणि गुण आला नाही म्हणून ते कपाटात मागे पडते. बहुतेकांची समजूत अशी असते, की क्रीम त्वचेला ओलावा देते. ते थोडाफार देतेही. परंतु त्याचे मुख्य काम त्वचेत असलेले पाणी उडून जाऊ न देण्याचे आहे. हा फरक नीट ध्यानात आला, तर क्रीम केव्हा लावावे, किती लावावे आणि त्यावर किती खर्च करावा, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

आपल्याला डोळ्यांनी दिसणारी त्वचा म्हणजे मृत पेशींचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर त्यात साधारण १५ ते २० थर असतात आणि तरीही त्याची एकूण जाडी वहीच्या कागदाहून कितीतरी कमी भरते. त्याची रचना समजावताना विटांच्या भिंतीची उपमा देण्याची पद्धत आहे. पेशी या विटा, तर सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा त्यांच्यामधला चुना. विटांच्या आत अमिनो आम्ले, लॅक्टिक आम्लाचे क्षार, युरिया असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. शरीराच्या आतून पाणी सतत वर झिरपत असते आणि हवेत उडूनही जात असते. चुना शाबूत असेल तोवर हा व्यय बेताचा राहतो. तो झिजला की भिंत गळू लागते.

शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो कडक आणि ठिसूळ होतो. जुन्या पेशींना एकेक करून सुटे करणारी विकरेही पाण्यावाचून नीट काम करीत नाहीत. त्यामुळे एरवी नकळत गळून जाणाऱ्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांचे पांढरट खवले दिसू लागतात.

कोरडेपणा म्हणजे तेलाची कमतरता, असेच पूर्वी मानले जाई. बोस्टन येथील संशोधक आयर्विन ब्लँक यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ही समजूत बदलली. तळपायाच्या घट्ट्याचा वाळून कडक झालेला तुकडा तेलात बुडवून ठेवला तरी तो मऊ होईना. पाणी मिळताच मात्र तो लवचीक झाला. त्वचेला मऊपणा आणते ते पाणी, आणि स्निग्ध पदार्थ त्या पाण्याला धरून ठेवण्यास मदत करतो. आजची सगळी मॉइश्चरायझर याच तत्त्वावर बेतलेली आहेत.

त्यांत तीन प्रकारचे घटक एकत्र नांदतात. पहिला पाण्याची वाट अडवणारा. पेट्रोलियम जेली हे त्याचे सर्वांत परिणामकारक उदाहरण. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १८७२ साली व्हॅसलीनचे पेटंट घेतले. त्यानंतर प्रसाधनांच्या कितीतरी पिढ्या आल्या नि गेल्या, पण बाष्प रोखण्यात या चिकट पदार्थाला मागे टाकणे सोपे राहिलेले नाही. ते वर नुसते झाकण घालून बसत नाही, तर शृंगस्तराच्या फटींतही शिरते आणि खाली भिंतीची दुरुस्ती चालू राहू देते. दुसरा घटक पाणी ओढून धरणारा. ग्लिसरीन, युरिया, सॉर्बिटॉल, हायलुरॉनिक आम्ल ही त्याची उदाहरणे. हवा दमट असेल तर हे पदार्थ बाहेरूनही थोडे पाणी घेतात. नागपूरच्या कोरड्या थंडीत किंवा दिवसभर वातानुकूलित कार्यालयात मात्र बाहेर घेण्यासारखे फारसे काही नसते. तेव्हा ते त्वचेच्या खालच्या थरांतलेच पाणी वर ओढतात. म्हणून नुसते ग्लिसरीन चोपडण्यापेक्षा त्यावर स्निग्ध आवरण असणे बरे. तिसरा घटक खवल्यांमधल्या फटी भरून स्पर्श मुलायम करणारा. विविध वनस्पतिजन्य तेले आणि सेटिल अल्कोहोलसारखे मेदार्क या कामी येतात. नावात अल्कोहोल असले तरी हा मेणासारखा पदार्थ त्वचा कोरडी करीत नाही.

तेल आणि पाणी एकजीव करून ते टिकवणे हे क्रीम बनविणाऱ्यांपुढचे जुने कोडे. जर्मनीत लोकरीच्या मेणापासून तयार केलेल्या युसेरिट या पदार्थामुळे ते टिकाऊपणे सुटले आणि १९११ मध्ये निव्हिया क्रीम बाजारात आले. लोशनमध्ये पाणी अधिक, क्रीममध्ये स्निग्धांश अधिक आणि मलमात पाणी जवळजवळ नाहीच. त्वचा जितकी कोरडी, तितका घट्ट प्रकार निवडावा. चेहऱ्याला हलके लोशन पुरते. उललेल्या टाचांवर त्याचा निभाव लागत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान वेगळ्या वाटेने फार पूर्वीच पोहोचले होते. आयुर्वेदातील शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप. त्यात पाण्याचे सूक्ष्म कण अडकून राहतात आणि पांढरेशुभ्र, क्रीमसारखे मलम तयार होते. कोकणात थंडीच्या दिवसांत टाचांच्या भेगांत कोकमतेल वितळवून भरतात, गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. खोबरेल तेलाची बाजूही भक्कम आहे. सौम्य ते मध्यम कोरडेपणावर ते खनिज तेलाइतकेच उपयोगी पडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले. पण जे तेल ते त्वचेला चांगलेच, असे नाही. ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचे आवरण कमकुवत होते असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले, तर त्याच अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलाने ते शाबूत राहिले. तान्ह्या बाळांना परदेशी ऑलिव्ह तेलाने माखण्याची जी टूम मध्यंतरी शहरांत निघाली, तिचा या संदर्भात पुन्हा विचार व्हावा.

आता केव्हा लावावे हे पाहू. अंघोळीनंतर शृंगस्तर पाण्याने भिजलेला असतो; ते पाणी काही मिनिटांतच उडून जाते. म्हणून पंचाने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा दमट असतानाच, शक्यतो पहिल्या तीन मिनिटांत, क्रीम लावावे. कपडे, पूजा, चहा सारे उरकून मग सावकाश क्रीम लावले, तर अंघोळीत मुरलेले पाणी तोवर बरेचसे उडून गेलेले असते. कढत पाणी आणि साबण यांनी चुना विरघळतो, हेही विसरू नये. साध्या साबणाची आम्लारी प्रकृती त्वचेच्या सौम्य आम्ल प्रकृतीला मानवत नाही. थंडीत कोमट पाणी घ्यावे आणि साबण काखा, जांघा व पाय यांपुरता ठेवावा.

किती लावावे, याबाबत आपण फारच कृपण असतो. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकाच्या पेरावर काढलेली रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची भरते आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. प्रौढ माणसाचे दोन्ही पाय पावलांसह माखायला एका वेळी सुमारे ८ ग्रॅम लागतात. म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर जेमतेम बारा दिवस टिकते. केशर, मोती किंवा कोलेजनची जाहिरात करणारी इवलीशी महागडी डबी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा साधे, बिनवासाचे, मोठ्या बाटलीतले क्रीम सढळ हाताने लावणे केव्हाही शहाणपणाचे. कोलेजनचा रेणू इतका मोठा असतो, की तो त्वचेत शिरतच नाही.

घरातल्या वृद्धांकडे मात्र विशेष लक्ष हवे. वयानुसार त्वचेतील स्निग्धांश घटतो, त्यामुळे त्यांना रात्र रात्र खाज सुटते आणि खाजवून जखमा होतात. मधुमेहींच्या टाचेची भेग ही जंतुसंसर्गाची वाट ठरू शकते. त्यांनी पावलांना रोज क्रीम लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल साचून बुरशी होते. टाचांच्या जाड कातडीसाठी २० ते २५ टक्के युरियाचे क्रीम उपयोगी पडते, पण उघड्या भेगेवर ते झोंबते. पॅराफिन किंवा अन्य स्निग्ध पदार्थ मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात, हेही लक्षात ठेवून शेगडी, निरांजन व विडी यांपासून जपावे.

औषधाच्या दुकानातून खाजेसाठी म्हणून मागून घेतलेले प्रत्येक क्रीम मॉइश्चरायझर नसते. त्यात स्टिरॉइड असल्यास आठवड्यात आराम वाटतो. महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते. दोन-तीन आठवडे नियमित क्रीम लावूनही कोरडेपणा हटत नसेल, किंवा त्यासोबत थकवा, वाढते वजन, थंडी सहन न होणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. अंगभर खाज असून पुरळ काहीच दिसत नसेल, तर मूत्रपिंड आणि यकृत यांचीही तपासणी डॉक्टर सुचवतात.