शर्यतीची मोटार आणि मिस्त्रीची कर्मशाळा

सक्करदऱ्याचें नांव काढलें कीं नागपूरकरांच्या डोळ्यांपुढें भोसल्यांचा वाडा, तेथील तळें आणि ताजुद्दीनबाबांची स्मृति उभी राहते. शर्यतीच्या मोटारींचा इतिहास सांगावयास बसलेल्या माणसानें तें नांव घ्यावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. सक्करदऱ्यास शर्यतीचा मार्ग नाहीं, ही गोष्ट खरी. परंतु या इतिहासांत मार्गापेक्षां कर्मशाळेचा वांटा मोठा आहे. आणि सांगाडा सरळ करणारा, पत्रा ठोकणारा, नळी वांकवून जोडणारा मिस्त्री जसा विलायतेंत होता तसा आपल्या शेजारींहि आहे.

इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं केवळ शर्यतींसाठीं कांक्रीटचा मार्ग बांधण्यांत आला. पहिल्या महायुद्धानंतर तेथें काउंट झ्बोरोव्स्की नांवाच्या धनिक तरुणानें एक अजब गाडी आणली. युद्धापूर्वींच्या मर्सिडीझ गाडीचा सांगाडा लांबवून त्यावर त्यानें विमानासाठीं घडविलेलें तेवीस लिटरांचें मेबाख एंजिन बसविलें होतें. ही ‘चिटी बँग बँग’ १९२१ सालीं तासाला शंभर मैलांहून अधिक वेगानें धांवली. पुढें १९२४ मध्यें मोंझाच्या शर्यतींत झ्बोरोव्स्की मरण पावला. त्या वेळीं त्याच्या हातीं दुसरीच गाडी होती. शक्ति कमी पडली कीं मोठें एंजिन घालावयाचें, ही ती परंपरा. ती भव्य होती खरी, पण मला विचाराल तर त्या कामांत बुद्धीपेक्षां पैसाच अधिक खर्च झाला.

याच्या उलट वाट १९४८ सालीं कॉलिन चॅपमन या लंडनमधील विद्यार्थ्यानें धरली. वीस वर्षें वापरलेली ऑस्टिन सेव्हन ही गरीब माणसाची गाडी त्यानें एका गॅरेजांत खोलली व तिच्यावर प्लायवुड आणि ॲल्युमिनिअमचा हलका सांगोपांग देह चढविला. एंजिन लहानच राहिलें. वजन मात्र उतरलें. वजन उतरलें कीं गाडी लवकर वेग घेते, वळणावर कमी ओढली जाते आणि ब्रेकांवरचा भारहि घटतो. मोठ्या एंजिनानें यांतील पहिला लाभ मिळतो, उरलेले दोन मिळत नाहींत. लोटस कारखान्याचा जन्म या हिशेबांतून झाला.

आतां आपल्याकडे वळूं. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली १०८९ घनसेंटिमीटरांची फियाट ११०० ही मध्यमवर्गीय कुटुंबाची मोटार होती; आणि आपल्या देशांतील शर्यतींचा भार पुष्कळ वर्षें तिनेंच वाहिला. मुंबईस जुहूच्या विमानतळावर, मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धांवपट्टीवर ती ॲम्बॅसडर व हेराल्ड यांच्या जोडीनें धांवे. परदेशी भाग आणण्यावर सरकारी निर्बंध होते. तेव्हां सिलिंडरचें माथें घासून वायूचा दाब वाढविणें, दोन कार्ब्युरेटर बसविणें, धूर निघण्याच्या नळ्या नव्यानें वांकविणें, स्प्रिंगा कापून गाडी खालीं बसविणें, हें सर्व येथील लेथवर व येथील हातांनींच करावें लागे. मागची बैठक तर पहिल्याच दिवशीं बाहेर पडे.

परंतु याच ठिकाणीं एक धोका दडलेला होता. जुन्या गाड्यांस स्वतंत्र सांगाडा असे. वरचा पत्रा कापला तरी कणा शाबूत राही. पुढील काळांतल्या गाड्यांत पत्र्याची पेटी हाच कणा. वजन उतरविण्याच्या हौसेनें त्या पेटीस भोंकें पाडलीं म्हणजे गाडी वळणावर पिळवटते आणि उलटली तर छपरासकट चेपते. म्हणून चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा आला. त्याच्या मुख्य कमानीची नळी अखंड, म्हणजे शिवण नसलेली व थंड ओढलेली असावी, आणि तिचा व्यास ४५ मिलिमीटर असल्यास जाडी किमान अडीच मिलिमीटर असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पाण्याच्या नळाचा तुकडा दिसावयास तसाच दिसतो, रंग दिल्यावर तर मुळींच ओळखूं येत नाहीं. पण आघातानें तो शिवणीवर उकलूं शकतो. पिंजऱ्याचे पाय उघड्या पत्र्यावर न टेकतां जाड पट्टीवर टेकले पाहिजेत, नाहींतर ते पत्रा भेदून खालीं जातात. काम चांगलें कीं वाईट याची खरी परीक्षा अपघाताच्या क्षणींच होते, आणि तेव्हां दुरुस्तीस सवड नसते.

कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनीं ही विद्या आपल्याकडे कारखानदारीच्या पातळीवर नेली. मारुति ८०० गाडीचें तीन सिलिंडरांचें ७९६ घनसेंटिमीटरांचें एंजिन घेऊन त्यांनीं एकआसनी शर्यतगाड्या तयार केल्या. फॉर्म्युला वनपर्यंत २००५ सालीं पोंचलेला नारायण कार्तिकेयन याचा आरंभ अशाच गाडींत झाला. करिवर्धन १९९५ मध्यें विमान अपघातांत गेले. कोइमतूरचा मार्ग त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

आमच्या तरुण श्रोत्यांपैकीं कोणी घरची गाडी अशी बदलूं म्हणेल, तर त्यास कायद्याची बाजू ठाऊक असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत तोच अर्थ कायम केला. यांत केवळ सरकारी अडवणूक आहे असें मला वाटत नाहीं. शिरस्त्राण घातलेल्या चालकास वांचविणारा तोच पोलादी गज, बाजारांत बोडक्या डोक्यानें निघालेल्या माणसाचें कपाळ फोडूं शकतो. सबब अशी गाडी रस्त्यावर चालवूं नये. ती ट्रकवर चढवून न्यावी. नागपुराहून उत्तरेस ग्रेटर नोएडाचा मार्ग सुमारें हजार किलोमीटर. दक्षिणेस चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग त्याहून थोडा दूर. निघण्यापूर्वीं मिस्त्रीकडून नळीची पावती मागून घ्यावी आणि प्रत्येक जोड रंग देण्याआधीं डोळ्यांखालून घालावा.