कात : खैरापासून कांद्यापर्यंत

ग्रीन टीच्या खोक्यावर ‘कॅटेचिन’ हा शब्द ठळक छापलेला असतो. वाटतो परका, पण त्याचे मूळ आपल्या पानाच्या डब्यात आहे. तो आला कातावरून.

कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा अर्क. लाकडाच्या ढलप्या पाण्यात उकळायच्या, ते पाणी आटवायचे, थिजले की वड्या पाडायच्या. या कृतीवरूनच नाव पडले असावे : क्वाथ म्हणजे उकळून काढलेला अर्क. या क्वथ् धातूचा मराठीतला गोतावळा मोठा आहे. कढणे त्यातलेच, कढी त्यातलीच, काढाही. म्हणजे जेवणातली कढी आणि जेवणानंतरच्या विड्यातला कात ही सख्खी भावंडे. असे नाते सापडले की मला फार आनंद होतो.

साप टाकतो ती कात मात्र वेगळी. हा कात पुल्लिंगी, ती स्त्रीलिंगी. तिचे मूळ कृत्ति, म्हणजे चामडे; कातडे हा शब्दही तिकडचाच. पण कातातल्या टॅनिनने कातडे कमावतात, तेव्हा एकमेकांशी नाते नसलेले हे दोन शब्द एकाच हौदात उतरतात.

रायगड-ठाण्याच्या डोंगरांतल्या कातकरी समाजाचे नाव याच धंद्यावरून पडले. जंगले राखीव झाली, खैराला हात लावणे अवघड झाले, धंदा गेला. नाव तेवढे राहिले. कातावर लिहिणाऱ्याने ही गोष्ट वगळू नये असे मला वाटते, कारण शब्द जगभर पोचला तो त्यांच्यासारख्यांनी रटरटत ठेवलेल्या मडक्यांतून.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४मध्ये भारतात आला. औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला, आणि त्यातला एक संवाद ‘काते’वर आहे. त्याआधी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझाने ‘काचो’ असे रूप नोंदवले होते. कानडीत आजही काचू म्हणतात. युरोपात पुढे रूढ झालेले ‘कॅटेच्यू’ कोशकार बहुधा मलयमधल्या काचूकडे नेतात. मला त्यात कात आणि काचू दोन्ही ऐकू येतात. सतराव्या शतकात तिकडचे औषधविक्रेते या द्रव्याला ‘टेरा जापोनिका’, जपानची माती, म्हणत. खैराचे झाड कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी कात तपासायला घेतला. त्यातल्या स्फटिकांना त्यांनी कॅटेचिन म्हटले. १८३९मध्ये राइन्शने कॅटेचिन कोरडेच तापवून जो पदार्थ मिळवला, तो आजचा कॅटेकॉल. ॲड्रेनॅलिन आणि डोपामिन यांच्या रेणूंत हीच रचना असते, म्हणून त्यांना कॅटेकोलअमाइन म्हणतात. भीतीने छाती धडधडते तेव्हा रक्तात उतरणाऱ्या रसायनाच्या कुळनावात विड्याचा कात आहे!

कॅटेकॉलच्या कड्याला एक कार्बोक्सिल गट जोडला की होते प्रोटोकॅटेच्युइक आम्ल. वनस्पतींतल्या फिनॉलिक आम्लांपैकी हे एक. त्याच्या भाऊबंदांची नावेही झाडपाल्यावरूनच आली : फेरूलिक हिंगाच्या कुळावरून, सॅलिसिलिक विलोच्या लॅटिन नावावरून, गॅलिक माजूफळासारख्या गाठींवरून. फेरूलिकपासून व्हॅनिलाचा स्वाद बनवतात. माजूफळ आणि लोहाचा क्षार यांच्या शाईने युरोपने शतकानुशतके लिहिले. आपल्याकडे कातासारख्या द्रव्यांच्या चवीला आयुर्वेदाने ‘कषाय’ म्हटले. तो शब्द मला विलक्षण वाटतो, कारण त्यात तुरट चव आहे, काढा आहे आणि तांबूस भगवा रंगही आहे. कातात हे तिन्ही एकत्र मिळतात.

कातावरून नाव मिळालेल्या या आम्लाचे मोठे काम उघडकीस आले ते मात्र कांद्यात. एका बुरशीने पांढऱ्या कांद्यावर काळे डाग पडत. लाल-पिवळ्या सालीचे कांदे वाचत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक आणि जॉन वॉकर यांच्या गटाने १९२९मध्ये रंगीत सालींतून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल वेगळे काढले. बाहेरच्या सुक्या सालीतले हे आम्ल मातीतल्या ओलीत विरघळते आणि बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाही. ती सुकी साल सोलून टाकली, तर लाल कांदाही त्याच बुरशीला बळी पडतो.