घर आणि औषध

वैद्यकीय साधने जेथे विपुल, तेथेच मनोरुग्ण लवकर सावरतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाविषयी जे संशोधन आरंभिले, त्याने या समजास धक्का दिला. दोन वर्षांनंतरच्या पाहणीत आग्रा व नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती लंडन आणि वॉशिंग्टन येथील रुग्णांहून बरी आढळली. कुटुंबाचा आधार हे त्याचे एक कारण अनेक अभ्यासकांनी मानले.

परंतु जे कुटुंबापासूनच दुरावले, त्यांचे काय? घाटपायथ्याच्या कर्जत-खालापूर परिसरात या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांस दिसते. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ साली मुंबईत स्थापिलेल्या ‘श्रद्धा’ पुनर्वसन संस्थेने २००६ साली कर्जतजवळ केंद्र उभारले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर तेथे उपचार होतात. मन स्थिरावले की पुष्कळांस गाव आठवते आणि कार्यकर्ते त्यांस घरी पोहोचवितात. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांस २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

२००८ साली विक्रम पटेल, आर. थारा प्रभृती संशोधकांनी जुना निष्कर्ष पुन्हा तपासला. गरीब देशांत हा रुग्ण हमखास लवकर सावरतो, हे गृहीत त्यांस मान्य झाले नाही. कर्जतचा अनुभवही हेच सुचवितो, असे आम्हांस वाटते. तेथील रुग्णास घराची वाट औषधोपचारानंतरच सापडते. म्हणून नातलगांच्या मायेवर विसंबून शासनाने व समाजाने उपचारांची जबाबदारी टाळणे न्याय्य नव्हे.